मुकी गाडी

चादरी आणि लुगडी घेऊन मी बाजार करायचो. सोलापुरातनं माल उचलायचा, मोहोळ धरायचं, तिथनं गावोगावचे बाजार करत माळशिरसपर्यंत जायचं आणि तसंच परत. आमचं पहिलं पोर तापानं गेलं तेव्हा मी माळशिरसच्या बाजारात गिऱ्हाइकापुढं चादर झटकत होतो. घरी पोचलो तर सगळं उरकलेलं. पुढं मुलगी झाली, तेव्हा बायकोनं सांगून टाकलं, "आता तुमी जाल तितं आमी बी येणार. एकलीनं मी पोर राखत न्हाय."

म्हणजे गाडीचंच घर करणं आलं. बैल वाटणीत आलेले होते. नवी गाडी करून घेण्याची ऐपत नव्हती आणि कुणापुढं हात पसरायची सवय नव्हती. तेव्हा जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाच्या आवारात गेलो. बरोबर मेव्हणा होता. तो स्टेशनावरून गिरणीत बैलगाडीनं कापसाच्या गाठी ओढायचा, त्यामुळं गाड्यांतलं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज.

आवारात बऱ्याच गाड्या होत्या. एक आखूड, एक वाळवीनं खाल्लेली. भिंतीकडेला एक लांबरुंद मालगाडी उभी होती, गाठी वाहायचीच. मी तिच्या साट्यावर, म्हणजे बसायच्या फळ्यांवर, चढून आडवा झालो. पाय पसरले तरी डोक्याकडं फळी उरत होती. खाली मालाचे गठ्ठे, वर फळ्या टाकून अंथरूण, वर बांबूच्या कमानी आणि ताडपत्री. पडल्या पडल्याच माझं घर बांधून झालं. भावही बाकीच्यांपेक्षा कमी.

मेव्हण्यानं जू उचललं आणि गाडी आवारातनं ओढून आणली.

"दाजी, ही गाडी मुकी हाय."

"मग तुझ्यासारखी बडबडी घिऊ?"

आमच्याकडच्या गाडीवानांना गाडीचा आवाज लागतो. लोखंडी आसावर चाकाचा तुंबा, म्हणजे मधला लाकडी गड्डा, जरा सैल बसवतात. चालताना तो टक-टक वाजतो. ज्याची गाडी खणखणीत वाजेल तो मिशीला पीळ देतो. ही गाडी पाण्यावरनं चालल्यासारखी आली.

"आदीच्या मालकानं का इकली?" मेव्हण्यानं विचारलं.

"त्यो आता गाडी हाकत न्हाय," दलाल म्हणाला.

"का?"

"पाय गेला त्याचा."

मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "पाय त्याचा गेलाय, चाक न्हाय." माझा हिशोब सरळ होता. झोळीत लेकरू झोपणार, त्याला आवाज नकोच. मेव्हणा म्हणाला, "माजी भन बसनार हाय हिच्यात, एवढं ध्यानात ठिवा." असं कुणी बजावलं की माझा माघार घ्यायचा रस्ताच बंद होतो. घेतली.

छप्पर मी स्वतः घातलं. मागच्या बाजूला पत्र्याच्या डब्यात चूल, कडेला पाण्याची घागर, आढ्याच्या बांबूला झोळी. पेठेतल्या बाया वाकून बघून गेल्या. गाडी जुंपायच्या दिवशी मात्र डावा बैल जुवाखाली मान देईना. दोन वेळा मागं सरला. शेवटी कासरा आवळून द्यायला लावली त्याला मान.

निघालो. रस्त्यावरनं आमची गाडी कुणाला ऐकूच येत नव्हती. मेंढरं पांगत नव्हती. एक म्हातारा वाटेच्या मधनं चालला होता. बैलाचा श्वास पाठीला लागला तेव्हा तो बाजूला उडाला आणि आमच्याकडं बघत राहिला. शिवी देईल असं वाटलं. त्यानं काही दिली नाही.

झोळीतली पोर एकसारखी रडत होती. बायको म्हणाली, "गाडीत बसल्यावानी वाटंना वं तिला. हितं काय वाजतच न्हाय."

"निजंल."

निजली नाही.

सीना नदीचा उतार लागला तेव्हा ऊन कललं होतं. अर्ध्या उतारावर डाव्या चाकातनं करकर सुरू झाली. सुपारी दाढेखाली धरून कुणी हळूहळू दाबावी तशी.

"बग, फुटलं तिला तोंड," मी म्हणालो.

मागं बघतो तर बायकोनं पोर झोळीतनं काढली होती. ती चालत्या गाडीतनं मागच्या मागं उतरली. मला न विचारता उतरली, याचा मला राग आला.

"चढ वर."

"न्हाय."

"लोकं काय म्हनतील? माल गाडीत आनि बायकू पायी?"

"म्हनू द्यात."

मी कासरा सोडून खाली उडी टाकली, तिला दंडाला धरून वर बसवायला. बैल आपल्या चालीनं पुढं गेले. मी तिच्याजवळ पोचलो न पोचलो तोवर माझ्या पाठीमागं मोठा आवाज झाला. चाक उकललं होतं. आरे चहूकडं विखुरले आणि गाडी डाव्या अंगावर कोसळली. झोळीचा बांबू ताडपत्रीतनं बाहेर आला आणि मातीत रुतला. डावा बैल गुडघ्यावर बसला होता, पण जिवंत होता.

तुंब्याचे दोन तुकडे मी हातात घेतले. आतली भेग जुनी होती, काळी पडलेली. तिच्यात ताग आणि डांबर गच्च ठासलं होतं. फुटका तुंबा खडखडू नये म्हणून कुणीतरी तिला मुकी केली होती. मी ते तुकडे बायकोला दाखवले नाहीत. तिनंही मागितले नाहीत. ती पोरीला पाजत रस्त्याकडं पाठ करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मोहोळहून सुतार आणला, नवं चाक बसवलं. गाडी चांगलीच होती, चाक वाईट होतं, असं मी आजही म्हणतो. नवं चाक तर असं वाजायला लागलं की शेतातली माणसं मान वर करून बघत.

"आता बस," मी म्हणालो.

"चाला की तुमी," ती म्हणाली, आणि पोर खांद्यावर टाकून गाडीच्या मागं चालायला लागली. खांद्यावर पोर लगेच झोपली. मोहोळ येईपर्यंत मी पुढं कमी आणि मागंच जास्त बघत होतो.