विकलेल्या मशीनचा आकडा

ऑफिसात कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी हेडफोन लावते. आजही लावते. तरी हे लिहितेय, कारण जे घडलं ते माझ्या एकटीसमोर घडलेलं नाही.

मी ठाण्यात कोलशेतला एका छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरवर पत्र्याच्या वस्तूंचं डिझाइन करते - इलेक्ट्रिक पॅनलचे डबे, दारं, कव्हर. पत्रा वाकवला की वाकलेल्या जागी किंचित ताणला जातो. किती, ते वाकवणाऱ्या मशीनवर ठरतं. त्यासाठीचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरला की सपाट पत्रा किती लांब कापायचा ते कळतं. आमच्या नव्या मशीनचा आकडा ०.४२. भंगारात काढलेल्या जुन्या मशीनचा ०.३६ होता.

एका पॅनलच्या फाइलमध्ये सकाळी ०.३६ दिसला. मी ०.४२ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ०.३६. बदल कोणी केला ते सॉफ्टवेअर दाखवतं... नाव माझंच होतं.

संशय रूपेशवर गेला. नवा डिझायनर, कोपरीत राहणारा, अजून प्रोबेशनवर. लग्न ठरलेलं. त्याचं टेबल माझ्या शेजारी. पासवर्ड बघणं अवघड नव्हतं.

"रूपेश, माझ्या फाइलला हात लावलेलास?"

"मॅडम, मला माझ्याच फाइली आवरत नाहीत, तुमच्या कुठे घेऊ!"

तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. पासवर्ड बदलला, तरी आकडा बदललाच. मग फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतली, नेट बंद केलं आणि लॅपटॉप डोंबिवलीला घरी नेला. दुसऱ्या दिवशी रूपेश रजेवर होता. ०.४२ नीट बघून मी फाइल कटिंगला दिली. पत्रे कापून आले ते पाऊण मिलिमीटर आखूड. फाइल उघडली - ०.३६.

मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांनी एक पत्रा माझ्या टेबलावर आपटला. "तू नाही केलंस म्हणतेस. मग उरला कोण? उद्या संध्याकाळी त्याला सांगून टाक, परत येऊ नको म्हणून."

"भाऊ, तो आज रजेवर आहे."

"हल्ली घरात बसून पण करतात."

लॅपटॉपला नेट नव्हतं, तरी मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या मशीनचं हायड्रॉलिक गेलं. माल तर त्याच दिवशी द्यायचा. भाऊ म्हणाले, "आहेत ते पत्रे डोंबिवली एमआयडीसीतून वाकवून आणा. दाराला फट राहिली तर रबर लावू." तिथल्या जॉबवर्कवाल्याकडे आम्ही पहिल्यांदाच जात होतो. टेम्पोत रूपेश शेजारी. तो लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होता, मी "हं" म्हणत होते. त्याला सांगायचं वाक्य मनात तयार होतं.

पहिला डबा वाकून आला. रूपेशने दार लावून बघितलं. फट नाही. मी व्हर्नियर लावून मोजलं - माप ड्रॉइंगप्रमाणे. दुसऱ्याचंही. तिसऱ्याचंही.

मी मशीनकडे वळले. हिरवा रंग ताजा होता. बाजूला जेवणाची पिशवी अडकवायचा एक हूक वेल्ड केलेला. नोकरीला लागल्यावर मी केलेलं पहिलं ड्रॉइंग त्या हूकचं. आमच्या ऑपरेटर मामांनी मुद्दाम मागून घेतलेलं.

"हे मशीन कुठून आणलंत?"

"कल्याणच्या भंगारवाल्याकडून," तिथला मालक म्हणाला. "का ताई, चोरीचं आहे की काय?"

"म्हणजे हे आपलं जुनं मशीन," रूपेश म्हणाला. "मग ०.३६ बरोबरच होतं की, मॅडम."

त्याला ते कसं कळलं? तो आला तेव्हा ते मशीन आमच्याकडे नव्हतंच. हूक बघून मी मोठ्याने काहीतरी बोलले असेन. बहुधा.

रूपेशला काढून टाकायचं ते वाक्य मी बोलले नाही. डबे नीट बसल्यावर भाऊंचा रागही गेला, तो राहिला.

आकडा कोणीही बदलू शकतं, हे मी आजही मान्य करते. पण आमचं मशीन बंद पडणार आणि काम नेमकं त्या शेडमध्ये जाणार, हे कोणाला माहीत होतं? मशीन दुरुस्त झालं, तेव्हापासून आकडा ०.४२ वरच आहे.

आता रूपेश कुठलीही फाइल उघडली की आधी तो आकडा मोठ्याने वाचतो. मला ऐकू जाईल असा. मी स्क्रीनवरून नजर काढत नाही... आणि हेडफोन तेवढ्यापुरता उतरवलेला असतो.