तीनशे ग्रॅम

वस्तीत तिला सगळे वजनबाई म्हणत. आता वजनबाई म्हटल्यावर बाई चांगली धिप्पाड असेल असं कुणालाही वाटावं, पण ही निव्वळ काडीपैलवान. बायका तिला म्हणायच्या, एकदा तूच बस गं काट्यावर, बघू तरी काटा जागचा हलतो का. ती हसायची नाही. वजनाची थट्टा तिला खपतच नसे.

त्याला कारण तिचे वडील. त्यांचं सुट्या तेलाचं दुकान होतं. गिऱ्हाईक आपापलं भांडं घेऊन यायचं. आधी रिकामं भांडं काट्यावर ठेवून त्याचा धडा करायचा, म्हणजे भांड्याचं वजन बाजूला काढायचं, आणि मगच तेल मोजायचं. आठ वर्षांची असताना ती एकदा धडा करायला विसरली, तर वडिलांनी कमी पडलेलं तेल वाटीत देऊन तिला दोन गल्ल्या पलीकडे त्या गिऱ्हाइकाच्या घरी पिटाळलं. भांड्याचं वजन माणसाच्या माथी मारायचं नाही, एवढंच शिक्षण त्यांनी तिला दिलं, आणि ते तिच्या हाडीमाशी खिळलं.

पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला आणि मागे एक नणंद ठेवून गेला. नणंद तोंडाची तिखट, पण मनाची साफ. दोघी एकाच संस्थेत कामाला लागल्या. संस्था वस्तीतल्या हडकुळ्या मुलांना खाऊपिऊ घालायची, लशी टोचायची, पाणी उकळून प्या म्हणून घरोघर कानीकपाळी ओरडायची. नणंद तिथल्या स्वयंपाकघरात, वजनबाई काट्यापाशी. एकोणीस वर्षं तिनं दाराच्या आडव्या लाकडाला काटा टांगला आणि त्याच्या हुकाला कापडाची झोळी लावून पोरं त्यात बसवली. झोळी आणि तिची लोखंडी दांडी मिळून बरोबर तीनशे ग्रॅम. काट्यावरचा आकडा वाचायचा, तीनशे वजा करायचे, कार्डावर लिहायचं. मूल रडो, लाथा मारो, झोळीतच मुतो, तिचा आकडा कधी चुकला नाही.

अशा बाईला संस्थेनं नवा काटा दिला. बॅटरीवरचा, वर पाळण्यासारखं ताट. कापड अंथरायचं, बटण दाबायचं, आकडा शून्यावर येतो, मग मूल ठेवायचं. संस्थेच्या सिस्टरनं दोनदा करून दाखवलं. वजनबाईनं नाक मुरडलं, पण शिकली.

नव्या काट्याच्या पहिल्याच दिवशी अकरा मुलं आली आणि अकराही जणांची वजनं घसरलेली किंवा जिथल्या तिथं. तिला नवल वाटलं नाही, कारण आदल्याच आठवड्यात नळाची पाइप फुटून गढूळ पाणी आलं होतं आणि अर्ध्या वस्तीला जुलाब लागले होते. बाकीच्यांचं थोडक्यात निभावलं. अडलं ते चिमणीपाशी.

चिमणी तेरा महिन्यांची. आठ आठवड्यांपूर्वी आली तेव्हा नुसते डोळे आणि बरगड्या. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची, बाप दूर कुठे कामाला. संस्थेनं शेंगदाण्याच्या घट्ट पेस्टची पाकिटं दिली, दिवसाला दोन, फक्त आजारी मुलासाठी. पोरगी हळूहळू बाळसं धरत होती. मागच्या खेपेला सहा किलो नऊशे. आज वजनबाईनं लिहिलं, सहा किलो आठशे. नियम असा, की आठ आठवडे पाकिटं खाऊनही वजन उतरलं तर मूल शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, तीन आठवडे, आईसकट. तीन आठवडे म्हणजे आईची नोकरी गेलीच. शिवाय घरी सहा वर्षांची थोरली होती, तिला कुणाच्या गळ्यात बांधायची?

आई म्हणाली, हिला जुलाब झालेच नाहीत, मी पाणी उकळूनच देते. हे ऐकून वजनबाईचं डोकं फिरलं. जुलाब नाहीत, पाकिटं चालू आहेत आणि वजन उतरतंय, याचा अर्थ तिला एकच माहीत होता. रांगेतल्या सगळ्या बायकांदेखत ती म्हणाली,

"मग पाकिटं दुसरंच कुणीतरी खातंय तुझ्या घरात."

आईचा चेहरा पडला. पोरीला छातीशी धरून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाडी यायची ठरली.

त्या संध्याकाळी जेवताना नणंद म्हणाली, पोरगी तर माझ्या कडेवर जड लागते गं, मागच्या महिन्यापेक्षा चांगली जड. वजनबाई फणकारली, तुझी कंबर म्हणजे काय तराजू आहे का. नणंद म्हणाली, तराजू नसेना, पण कंबर दुखते ती खोटी दुखत नाही. वजनबाईनं वाद मिटवला, पण घास काही गोड लागेना.

सकाळी ती संस्थेच्या केंद्रावर सगळ्यांच्या आधी पोचली. नव्या काट्यावर तिचा आधीपासूनच राग, तेव्हा चोर पकडायचा तर हाच असं तिनं मनाशी धरलेलं. स्वयंपाकघरातून तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी आणली. कापड अंथरलं, बटण दाबलं, शून्य आलं. पिशवी ठेवली. काट्यानं दाखवलं, पाच किलो. तिनं वहीत लिहिलं आणि मग लिहिलेल्याकडे बघितलं.

चार किलो सातशे.

काटा शहाण्यासारखा खरं सांगत होता. बटणानं कापडाचं वजन आधीच काढून टाकलं होतं, आणि तिच्या हातानं, एकोणीस वर्षांच्या सवयीनं, कुणाला न विचारता पुन्हा तीनशे कापले होते. झोळी नव्हती, दांडी नव्हती, तरी कापले होते. अकरा मुलांचे. चिमणीचे खरे सात किलो शंभर. पोरगी उतरली नव्हती, चांगली दोनशे ग्रॅमनं चढली होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वजनबाई पळाली, चप्पल एकीकडे, पदर एकीकडे. आई बोचकं मांडीवर घेऊन आत बसलेली, डोळे सुजलेले. वजनबाईनं दार उघडून तिला खाली उतर म्हटलं, तर आईला वाटलं आता आणखी काय. सिस्टर आली, नणंद हात पुसत आली, बायका जमल्या. चिमणीला काट्यावर ठेवलं.

"मी वाचणार नाही. तूच वाच," वजनबाई म्हणाली.

आईनं वाचलं. सात किलो शंभर. पुन्हा वाचलं. मग सिस्टरकडे बघितलं, सिस्टरनं मान हलवली. गाडीवाल्याला परत जा म्हणून सांगितलं आणि वजनबाईचा जीव भांड्यात पडला. इतका, की तिथंच खुर्चीत बसून ती घळाघळा रडली. मग डोळे पुसून उठली आणि काल ज्यांच्यासमोर बोलली होती त्याच बायकांसमोर सांगितलं, की हिनं पाकीट कुणाला दिलं नव्हतं, चूक माझ्या हाताची आहे, आणि अकराही पोरांना आज परत घेऊन या. कुणी हसलं नाही. नणंदेलासुद्धा टोमणा सुचला नाही, म्हणजे बघा.

आई मात्र अजून उभीच होती. वजनबाईला वाटलं, शिव्या देईल, आणि द्याव्यातच. आई हळूच म्हणाली,

"ताई, मी काल थोरलीला मारलं. तिनंच खाल्लं असं वाटलं मला. आधी नाही नाही म्हणत होती. मग म्हणाली, खाल्लं."

वजनबाईनं काटा सिस्टरवर सोपवला आणि आईबरोबर निघाली. घर म्हणजे एक खोली, एका कोपऱ्यात स्टो, भिंतीला दोरी. थोरली शेजारणीच्या दारात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आई गेली म्हणून रडून दमलेली, आणि आता आईला समोर बघून उठायचं की नाही तेच तिला कळेना. वजनबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, बाळा, चिमणीचं वजन मी चुकीचं लिहिलं होतं. ती छान वाढतेय. ती कुठे जात नाही, आईही कुठे जात नाही. पाकिटातलं चिमणीशिवाय कुणीच काही खाल्लेलं नाही.

थोरलीनं आईकडे बघून विचारलं,

"म्हणजे मी खाल्लं नव्हतं ना?"

आईनं तिला ओढून कुशीत घेतलं.