नागपंचमीच्या आधी का नंतर?

झरीच्या स्टँडपासून थेट विलायतेपर्यंत जेवढ्या जुन्या मोटारी धावल्या, त्या सगळ्यांच्या जन्मपत्रिका माझ्या आत्याच्या यजमानांना पाठ आहेत, आणि हे मला अजिबात सहन होत नाही. स्पष्टच सांगतो, मी जळतो. या मामांनी विलायत पाहिलेली नाही. फार तर पूर्णेला जातात, तेही रद्दी आणायला. त्या रद्दीत कधीतरी इंग्रजी मोटारींच्या मासिकांचा गठ्ठा आला आणि स्टँडवरचं त्यांचं रेडियमचं दुकान, जिथं गाड्यांच्या नंबरप्लेटा बनतात, त्याचं विद्यापीठ झालं. विलायती नंबरात तीन अक्षरं असली की शेवटची दोन गावाची. "एबीसी दिसलं की डोळे झाकून लेस्टर म्हन," असं ते गिऱ्हाइकाला सांगतात, आणि गिऱ्हाईक खरोखर डोळे झाकतं! त्रेसष्ट सालापासून तिकडं नंबराच्या शेवटी सालाचं अक्षर लावू लागले. ए म्हणजे त्रेसष्ट, बी म्हणजे चौसष्ट. त्र्याऐंशीत अक्षरं संपली, तेव्हा पुन्हा ए पासून धरलं आणि अक्षर उचलून पुढं आणलं. मधल्या काळात अक्षर बदलायचं ते ऑगस्टात. म्हणून मामा आधी जन्मसाल विचारतात आणि लगेच, "नागपंचमीच्या आधी का नंतर?" अख्ख्या झरीला आपापलं विलायती अक्षर ठाऊक आहे. आत्या 'जी' आहे, आणि हे ती सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगते. मला मामा म्हणाले, "तू नव्व्याण्णवचा. तुमच्या पिढीचं अक्षर पुढं. म्हनूनच आदी तोंड येतंय अन् मागून मानूस."

आता माझं ऐका. गेल्या हंगामात दिवेलागणीला माझा थोरला भाऊ रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा, ना पट्टी, ना नंबर. भाऊ अजून लंगडतो. मी पत्रक काढलं, 'बिननंबरी ट्रॉल्यांना जाब विचारा!!!' पारावर सभा लावली. आले सहा जण. त्यातले दोघं आधीपासूनच तिथं बसलेले होते. बाकीचं गाव पन्नास पावलांवर मामांच्या दुकानात, आयर्लंडच्या नंबरात झेड का येतो ते ऐकत होतं. मी तावातावानं तिथं गेलो.

"मामा, लोकांचे पाय मोडायलेत अन् तुमी झेड सांगायलाव?"

"बस. च्या घे," ते म्हणाले. माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर ते ब्लेडनं अक्षरांचे साचे कापत होते. "कागद लय चांगला वापरलास, पुढारी."

पुढचं लिहिताना हात जड होतो. ज्या ट्रॉलीमालकानं माझं पत्रक माझ्या तोंडासमोर चुरगळलं होतं, तोच आठवड्याभरात आपलं अक्षर टाकून घ्यायला मामांकडं आला. मामा गंभीरपणे म्हणाले, "टाकू की. पन तिकडची रीत हाय. मागची पाटी पिवळी, चमकनारी. अन् खाली खरा नंबर असल्याबिगर अक्षर बसत न्हाई."

"बसतच न्हाई?"

"लंडनात सुदिक न्हाई."

हंगाम लागायच्या आत गावातल्या ट्रॉल्यांच्या पाठी पिवळ्याधमक झाल्या. वर बोटभर विलायती अक्षर, खाली वीतभर खरा नंबर. मागणी माझी, पत्रक माझं, लंगडणारा भाऊसुद्धा माझा, आणि नारळ-टॉवेल मामांना! मागणी मान्य झाल्याचा एवढा संताप आजवर कोणत्याच कार्यकर्त्याला आला नसेल. भाऊ वर हसून म्हणतो, "आता आदळलो तर कुनावर ते तरी कळंल."

मामांनी त्याच्या पायाबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पण एकाही पाटीचे पैसे घेतले नाहीत, हे मला आत्याकडून कळलं.

परवा दुकानात बसलो होतो. एक शेतकरी आला. "बहात्तरच्या दुष्काळातला हाय मी. माय म्हनायची, आखाडात झालो."

"म्हंजे नागपंचमीच्या आधी," मामा पुटपुटले. ब्लेड उचललं आणि थांबले. तोंडपाठ असलेलं अक्षरच आठवेना. ते भिंतीकडं बघत राहिले, मग गठ्ठ्याकडं, मग माझ्याकडं.

"के," मी म्हणालो.

"तुला कोनी शिकिवलं रे?"

इतकी वर्षं दाराशी उभं राहून जळताना कान उघडेच होते, हे त्यांना काय सांगणार? कागद हलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांनी सावकाश के कापला. कागदाच्या पलीकडच्या बाजूला माझ्या पत्रकातली तिन्ही उद्गारचिन्हं होती, ती मधोमध कापली गेली. मी कागद तसाच दाबून धरला.