ताफ्यातली शेवटची गाडी

पेपरात हेर्मोडवर चार ओळी आल्या. वादळात वृद्धाचा मृत्यू, एवढंच. वादळानं मेला म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मला ते पटलेलं नाही.

आमचं गाव म्हणजे डोंगर आणि उत्तर ध्रुवाकडचा बारेंट्स समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. हेर्मोडनं उभं आयुष्य इथल्या मासळीच्या शेडमध्ये गळांना आमिष लावण्यात घालवलं. बोटं कायम सुजलेली, पण कधी कुरकुर नाही. नवे रबरी बूट वाटले जात तेव्हा हा रांगेत शेवटी. उरलेला जोड पायाला मोठा असला तरी तोच घालून वर्ष काढायचा. आम्ही त्याला 'शेपूट' म्हणायचो. तो हसायचा.

मग त्याच्या बायकोची, बोर्घिल्डची, मूत्रपिंडं गेली. डायलिसिसचं मशीन डोंगरापलीकडच्या शहरात. आठवड्यातून तीन वेळा तिला घेऊन डोंगर ओलांडायचा, आणि हिवाळ्यात तो रस्ता दिवसदिवस बंद असतो. आपल्या दवाखान्यात एक मशीन द्या, म्हणून मी नगरपालिकेसमोर माणसं उभी केली. हेर्मोडही आला, थर्मास घेऊन. आणि उभा राहिला रस्त्याच्या पलीकडे.

"अरे, तुझ्याच बायकोसाठी चाललंय हे. इकडे ये," मी ओरडले.

"मी नुसती कॉफी आणलीय," तो म्हणाला. "थंडी आहे ना तुम्हांला."

"कॉफीनं मशीन येणार आहे का?"

"आमच्याहून जास्त अडलेली माणसं असतील गं."

मी त्याची कॉफी प्यायले नाही. मशीनही आलं नाही.

फेब्रुवारीत वायव्येकडून वादळ आलं. समुद्रावरून येणारा बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. ओला, खारट, चेहऱ्यावर वाळू मारल्यासारखा. रस्ता बंद झाला आणि बोर्घिल्डची डायलिसिसची एक खेप चुकली. दुसरी चुकवून चालणार नव्हतं. तिचे पाय सुजले होते, बोलताना दम लागत होता. अखेर दुपारी वारा जरा पडला आणि निरोप आला: एक ताफा सोडतोय, घाटरस्ता अडवणाऱ्या फाटकापाशी या.

ताफा म्हणजे पुढे बर्फ लोटणारा ट्रक आणि त्याच्या मागे एकामागे एक गाड्या. पुढच्याचा लाल दिवा सोडायचा नाही, थांबायचं नाही. सगळ्यांत मागे एक राखण गाडी असते. ती त्या दिवशी पलीकडेच अडकली होती.

ट्रकवर उन्नी होती. आमच्याच गावची पोरगी, शेडमध्ये हेर्मोडच्या शेजारच्या टेबलावर तिची आई काम करायची. ती प्रत्येक काचेवर टकटक करत आपला फोन नंबर देत आली.

"हेर्मोड, तू माझ्या मागे लाग. आजारी माणूस पहिलं."

"नको गं. माझी गाडी जुनी, चढावर दमते. मागच्यांचा खोळंबा होईल."

"होऊ दे की. आज मागे आपलं कुणी नाहीये."

"मी आहे ना मागे," हेर्मोड म्हणाला. "सवय आहे मला."

बोर्घिल्ड शेजारी बसली होती. तिनंही पुढची जागा मागितली नाही. आम्ही असेच. पाव हवा असला तरी बशी सगळीकडे फिरून येईपर्यंत हात पुढे करत नाही. उन्नीमागे किती तरी गाड्या ताटकळत होत्या, वारा पुन्हा उचलत होता. तिनं त्याचं ऐकलं.

वर पठारावर पुढचा लाल दिवा दिसेनासा झाला. हेर्मोडनं वेग वाढवला आणि गाडी रस्त्याकडेच्या बर्फात रुतली. पुढचं मला बोर्घिल्डनं सांगितलं, तेही तिसऱ्या खेपेला, तुकड्यातुकड्यानं.

"हॉर्न वाजव," ती म्हणाली.

"कशाला? ऐकून सगळे थांबले तर सगळेच अडकतील."

"मग उन्नीला फोन कर."

"ती माणसं खाली उतरवतेय. तिला आधी उतरू दे. मग करू."

मग केला, तेव्हा फोन लागत नव्हता.

ऊब हवी तर इंजिन चालू ठेवायला हवं, आणि इंजिन चालू ठेवायचं तर धुराची नळी मोकळी हवी, नाहीतर धूर आत येऊन माणूस बसल्या जागी संपतो. हेर्मोड फावडं घेऊन उतरायचा, नळी उकरायचा, परत यायचा. भुवयांवर बर्फाचा थर. बोर्घिल्डनं हात धरला तर म्हणाला, "म्हातारे, तू झोपू नकोस म्हणजे झालं."

एका खेपेला तो परत आला नाही.

"तेव्हा वाजवला हॉर्न," बोर्घिल्ड म्हणाली. "त्याआधी नाही वाजवला. त्याला आवडलं नसतं."

खाली उतरल्यावर उन्नीनं गाड्या मोजल्या आणि तशीच ट्रक वळवून वर निघाली. पण तोवर वादळानं रस्ता पुन्हा भरला होता. ती पोचली तेव्हा गाडी सुरू होती आणि धुराची नळी नुकती बुजू लागली होती. बोर्घिल्ड दोन्ही हातांनी हॉर्न दाबून बसलेली. उन्नीला तो आवाज गाडीपासून पाच पावलांवर आल्यावर ऐकू आला, असा वारा. हेर्मोड सापडला रस्ता दाखवणाऱ्या एका खांबाशी. फावडं हातात होतं. गाडी समजून तो खांबाकडे चालत गेला असणार. बोर्घिल्डला त्याच संध्याकाळी मशीन लावलं.

अंत्यविधीला पाद्री म्हणाले, हेर्मोडनं कधी कुणाला त्रास दिला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर गेले. आत थांबले असते तर काहीतरी बोलले असते.

आता बोर्घिल्डला मी नेते. परवा पुन्हा ताफा होता, फाटकापाशी गाड्या लागल्या होत्या. मी मुकाट्यानं रांगेत लागले, कारण काय करायचं ते तिनं ठरवायचं होतं. ती दार उघडून उतरली. काठी टेकत, आडव्या बर्फात, एकेका गाडीजवळून पुढे गेली. काचांमागे सगळी ओळखीची तोंडं. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. कुणी काच पुसली, कुणी रेडिओची कळ फिरवली.

ती ट्रकपाशी पोचली तेव्हा उन्नीनं काच खाली केली.

"मी आजारी आहे," बोर्घिल्ड म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की काच उघडून बसलेल्या मला मागेही ऐकू आलं. "मला पुढची जागा पाहिजे."

उन्नीनं हात हलवून मला बोलावलं. मी रांगेबाहेर पडून पुढे गेले. बोर्घिल्ड गाडीत बसली, हातमोजे काढले, आणि डोंगर उतरेपर्यंत लाजेनं मान खाली घालून राहिली.