रेघेपर्यंत पाणी

पुढच्या खोलीला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीखाली तिचं शिलाई मशीन. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या वर्षी तिनं ते तिथं मांडलं, आणि पुढं एकवीस वर्षं ते तसूभरही हललं नाही. सुईत दोरा ओवायला उजेड लागतो, आणि उजेड त्या घरात तेवढ्या एकाच ठिकाणी फुकट मिळायचा.

तिचा नवरा पंपांचा फिटर. उंच इमारतींच्या गच्चीवर पाणी चढवणं हे त्याचं काम. हाताला गुण होता त्याच्या, ते नाकारता येणार नाही. रुसलेला पंप तो नुसता कान लावून ओळखायचा. घरातली रुसलेली माणसं मात्र त्याला कधी ऐकू आली नाहीत.

एकदा कुठल्याशा मोठ्या ऑफिसात पंप दुरुस्त करायला गेला, तो परत आला ते वेगळंच तोंड घेऊन. जेवताना घास हातातच.

"अगं, त्यांच्याकडे समुद्र आहे."

"ऑफिसात?"

"काचेत! जिवंत पोवळी आहेत. श्वास घेतल्यासारखी हलतात. आपण आणायचा."

तिला वाटलं, जेवण उतरलं की हे खूळही उतरेल. उतरलं नाही. सहा महिन्यांत बारा मिलिमीटरच्या काचा आल्या, त्यानं स्वतः टाकीखालचा लोखंडी घोडा जोडला, सिलिकॉन भरलं, खाली दुसरी छोटी टाकी बसवली. त्या छोट्या टाकीतून पाणी वर चढायचं, फिरून खाली यायचं, आणि एका नळकांड्यातून पाण्यातली घाण फेस होऊन बाहेर पडायची. सहा फूट लांब टाकी. एवढी लांबी मावणारी भिंत एकच होती, खिडकीची. आणि खिडकीतून ऊन आलं की म्हणे काचेवर शेवाळ धरतं. म्हणून खिडकीला प्लायवूड ठोकलं आणि त्याला काळा रंग दिला. मशीन गेलं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात. वर एक बल्ब लावून दिला. "घे, आता तुला दिवसरात्र उजेड," म्हणाला. उपकारच केले.

पाणी भरलं, मीठ कालवलं, जिवंत म्हणवणारे दगड मांडले, आणि सहा आठवडे त्यात मासा म्हणून सोडला नाही. पाणी पिकावं लागतं म्हणे. शेजारीण रोज डोकवायची.

"काय गं, कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. तुम्ही पाणी पाळलंय का?"

"हो ना. चावत नाही, हेच नशीब."

मग एकेक जीव येऊ लागला. नारिंगी पट्टेवाल्या माशांची जोडी आली, एक पिवळा आला, आखडू, सगळ्यांना ढुशा देणारा. लांब मिशांचा एक झिंगा आला. त्याच्यापुढे मासे रांगेत उभे राहायचे आणि तो त्यांचे गाल, कल्ले साफ करून द्यायचा. त्याचं नाव तिनं न्हावी ठेवलं. एक पोवळं मेंदूसारखं, एक हाताच्या पंजासारखं. आणि एका दगडावर हिरवी-जांभळी, बोटाच्या पेराहून लहान फुलं, दाटीवाटीनं. त्यांना ती बटणं म्हणायची. नवऱ्याला त्यांची मोठी मोठी नावं पाठ होती. तिला त्यांच्या सवयी पाठ झाल्या.

कारण बोळातून टाकीची कडेची काच दिसायची. अकरा वर्षं तिनं तो समुद्र तिरका पाहिला, मशीनच्या चाकावर हात ठेवून. हात लावायची परवानगी नव्हती. "तुझ्या हाताला साबण असतो, तेल असतं. लांबून बघ." तिनं लांबून बघितलं. एकदा म्हणाली, "अहो, तो मेंदू कडेनं फिका पडतोय."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू बाह्या लाव."

तिनं बाह्या लावल्या. चार दिवसांनी त्याला स्वतःला दिसलं, दिवा सरकवला, पोवळं वाचलं. आणि मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोनवर सांगताना ती ऐकत होती, "आपली नजर म्हणजे ना, साधी नाही." तिला राग आला नाही असं नाही. पण तिला एकच हवं होतं. एकदा तरी, चारचौघांत नको, घरातल्या घरात, त्यानं म्हणावं, अगं बघ जरा, तुला काय वाटतं. बाकी तिला काही नको होतं.

त्याची रोजची रीत तिला तोंडपाठ होती. दिव्यांच्या उष्णतेनं आणि वरच्या पंख्यानं टाकीतलं पाणी उडून जायचं, रोजचं मोठी बादलीभर. खालच्या टाकीच्या काचेवर त्यानं लाल नेलपॉलिशची रेघ मारली होती. सकाळी उठून तो न्हाणीघराशेजारच्या पांढऱ्या पिंपातलं गाळलेलं गोडं पाणी त्या रेघेपर्यंत ओतायचा. शेजारी निळं पिंप होतं, त्यात मीठ कालवलेलं पाणी. ते आठवड्यातून एकदा, टाकीतलं जुनं पाणी काढून बदलायचं तेव्हा. पिंपांवर काही लिहिलेलं नव्हतं. कशाला लिहील? वापरणारा तो एकटाच.

मुलगा होता एक. त्यानं बापाचा धंदा घेतला नाही, दुसऱ्या शहरात नोकरी धरली, आणि तेव्हापासून बाप-लेकांचं बोलणं वर्षातून दोन फोन, तेही हवापाण्यावर. मग एके दिवशी नवऱ्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशन. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यानं तिचं मनगट धरलं. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोलला.

"पोराला बोलाव. कपाटात वही आहे. टाकीला त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा."

मुलगा आला. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीनं आला, हे त्याच्या बाजूनं लिहायलाच हवं. वही उघडून बसला. वहीत सगळं होतं, दिवे किती वाजता, खाणं किती चिमूट, एका बादलीला मिठाचं माप किती. आणि पहिल्याच पानावर: रोज रेघेपर्यंत पाणी. बस, एवढंच. कुठलं पाणी ते नाही. वही त्यानं स्वतःसाठी लिहिली होती. स्वतःला कोण सांगतं की पाणी गोडं?

पहिल्या सकाळी ती डबा भरत होती, तर मुलगा निळ्या पिंपात बादली बुडवताना दिसला.

"अरे, ते नाही. पांढऱ्यातलं. गोडं पाणी घालतात."

"आई, समुद्र आहे हा. समुद्रात गोडं पाणी कोण ओततं?"

"उडून जातं ते नुसतं पाणी जातं रे. मीठ मागेच राहतं. भाजी गॅसवर आटली की खारट होते की नाही?"

मुलगा हसला. वाईट नाही हसला, लाडानंच हसला, पण हसला. "आई, ही भाजी नाहीये."

"मग त्या दुकानदाराला विचार."

"तो मला चार वस्तू विकेल आणि मग सांगेल. बाबांनी लिहून ठेवलंय ना सगळं. तू दवाखान्यात जा, मी आहे."

ती गेली. रोज सकाळी जायची, दिवेलागणीला यायची. निळं पिंप संपलं की मुलगा वहीतल्या मापानं नवं मीठ कालवायचा, एक चमचा इकडचा तिकडं नाही. पाचव्या दिवशी तिला दिसलं, बटणं मिटली होती. दिवा चालू असूनही मिटलेली. सहाव्या दिवशी न्हावी दगडाला टेकून बसला, त्याच्यापुढची रांग मोडली होती. तिनं पांढऱ्या पिंपातून बादली भरली आणि उचलली, तेवढ्यात मुलगा कानाला फोन लावून खोलीतून बाहेर आला. त्यानं एका हातानं फोन झाकला, दुसऱ्या हातानं बादली घेतली.

"आई, प्लीज. बाबांनी मला सांगितलंय."

सातव्या दिवशी ती ठरवून गेली, आज विचारायचंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की मनाला धक्का नको, पण विचारण्यात कसला धक्का? ती खुर्ची ओढून बसली. तोंड उघडलं. तर नवराच बोलला, छातीवर पट्ट्या, आवाज चिंधीसारखा.

"पोरगा करतोय ना सगळं?"

"करतोय."

"आला गं माझ्यासाठी." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खिडकीची चोवीस आणि बोळाची अकरा, पस्तीस वर्षांत तिनं ते पहिल्यांदा पाहिलं. तिनं उघडलेलं तोंड मिटलं, आणि पदरानं त्याचे डोळे पुसले.

त्या संध्याकाळी मुलगा खाली दूध आणायला गेला तेव्हा तिनं बाही वर केली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या पाण्यात हात घातला. बटणांच्या दगडाचा मुठीएवढा तुकडा सुटा होता, तो काढला. तिच्या शिवणाच्या, खऱ्या बटणांची मोठी काचेची बरणी होती. बटणं ताटात ओतली, बरणी धुतली, निळ्या पिंपातलं ताजं पाणी भरलं, तुकडा आत ठेवला. मशीनच्या बल्बखाली, कापडाच्या ढिगामागे. बरणीला बाहेरून लाल दोरा गुंडाळला, पाणी होतं तिथं. आणि रोज सकाळी त्या दोऱ्यापर्यंत दोन चमचे गोडं पाणी.

तेराव्या दिवशी नवरा घरी आला. मुलानं आधार दिला होता, दुकानदार भेटायला म्हणून आलेला होता. दारातूनच त्याला वास आला. पिवळा मासा एका कुशीवर पडला होता, कल्ले हलत होते तेवढेच. मेंदूवरचं मांस सुटून खालचा पांढरा सांगाडा दिसत होता. न्हाव्याची नुसती मिशी सापडली.

दुकानदारानं मीठ मोजायचा काचेचा काटा पाण्यात सोडला, वाचला, परत वाचला.

"बाप रे. मीठच मीठ झालंय हो. रोजच्या भरतीला खारं पाणी घातलं कोणी?"

नवऱ्यानं मुलाकडे पाहिलंच नाही. त्याची मान सरळ तिच्याकडे वळली, वर्षानुवर्षं वापरलेल्या व्हॉल्व्हसारखी, आपोआप.

"तू घातलंस."

विचारलं नव्हतं त्यानं. मुलगा टाकीपाशी उभा होता. त्याचं तोंड उघडलं. तिनं बघितलं ते उघडताना. मोजून तीन श्वास तिनं वाट पाहिली. मग ते तोंड मिटलं, आणि मुलगा वाकून पायपुसणं सरळ करायला लागला.

नवऱ्याचा हात छातीवर होता, ऑपरेशनच्या टाक्यांवर.

"हो," ती म्हणाली. "मीच घातलं."

"वाटलंच. सांगून गेलो होतो, हात लावू नकोस म्हणून."

"वहिनी, अहो, मला एक फोन करायचा," दुकानदार हळहळला.

दोन दिवसांनी मुलगा गेला. निघताना बोळात तिच्यापाशी थांबला. "आई, त्यांच्या तब्येतीसाठी..." एवढंच म्हणाला. तिनं डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली.

नवरा बरा झाला, आणि ती गोष्ट घराची झाली. पाहुणे आले की रिकाम्या टाकीकडे बोट. "हिनं मीठ घातलं हो त्यात! भाजीत कमी, समुद्रात जास्त." लोक हसायचे. पहिल्या वेळी तीही हसली. पुढंपुढं ती चहा ठेवायला उठायची.

बाप-लेकांचे फोन मात्र आता दर रविवारी व्हायला लागले. तेवढं खरं.

चार महिन्यांनी त्यानं टाकी घासली, नवं पाणी भरलं, पिकायला ठेवलं. आणि एका दुपारी सुतळी शोधत बोळात आला, कापडाचा ढीग बाजूला सारला, तर मागे बरणी. बल्बच्या उजेडात हिरवी-जांभळी बटणं पूर्ण उघडलेली. तुकडा काढला तेव्हा सतरा होती. तिनं परवाच मोजली, एकतीस.

तो खालीच बसला. दोन्ही हातांत बरणी.

"हे जगलं? हे कसं जगलं?"

"मी ठेवलं ते. सातव्या दिवशी काढलं," ती म्हणाली. तिचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला होता.

त्यानं वर पाहिलं, आणि त्याला खरंच हसू आलं. "तू? अगं, तुला गोडं-खारं कळत असतं तर एवढं झालं असतं का?"

याला उत्तर होतं. एका वाक्याचं होतं. पण ते उत्तर दर रविवारी फोन करत होतं.

"पोरानंच ठेवलं असणार," नवरा म्हणाला. त्याचा आवाज भरून आला. "तू सगळं मारशील हे त्याला दिसलं असणार. बोलला नाही बघ, तुला वाईट वाटेल म्हणून." आणि त्यानं तिथंच बसून फोन लावला, मोठ्या आवाजावर. "अरे, बटणांचा दगड सापडला! बरणीतला! तूच ठेवलास ना?"

पलीकडून एक गाडी गेल्याचा आवाज. मग,

"हो बाबा."

"वाटलंच मला! शेवटी रक्त कोणाचं!"

"बाबा... आईला द्या ना जरा फोन."

नवऱ्यानं फोन तिच्यापुढे धरला. तिच्या ओठांत दोरा होता. तिनं तो सुईत ओवला, पहिल्या खेपेला गेला.

"त्याला म्हणावं, आईचा हात मोकळा नाही."

नवऱ्यानं तुकडा नव्या टाकीत बरोबर मधोमध मांडला आणि तिला लांबून दाखवला. तिनं बरणी साबणानं धुतली, पुसली, ताटातली बटणं परत भरली. लाल दोरा तेवढा सोडायचा राहिला.