कपातला शेवटचा घोट

लोणी कढवल्याचा वास आला की मला गोठणगावकडची तिबेटी निर्वासितांची वसाहत आठवते. हिवाळ्यात तिथले पुरुष स्वेटर विकायला शहरात जात, म्हणून लेकरं घेऊन एकटी राहिलेल्या एका आईला सोबत करायला मी दर रविवारी जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी तिने लोणी घातलेला खारा चहा दिला. कपात काही ठेवणं म्हणजे घरच्यांचा अपमान, हे आमच्याकडचं वळण. मी कप रिकामा केला. तिने भरला. मी पुन्हा संपवला, तिने पुन्हा भरला. शेवटी आजारी भावाला मांडीवर घेऊन बसलेली तिची मुलगी कळवळून म्हणाली, “काका, कप खाली कायले करून राहिले? खाली दिसला का आई भरतेच. भावाचं लोनी सरून राहिलं ना!” आधार द्यायला गेलेला मी त्या लेकराच्या वाटचं पीत बसलो होतो. पुढचा कप मी अर्धाच ठेवला, तेव्हा आईने हसून लोण्याच्या डब्याला झाकण लावलं. अजूनही कपात माझा एक घोट राहतोच. बायको चिडते, “टाकाचाच होता त घेतला कायले?”