नानांच्या खोलीची खिडकी

देवपूरला घर बांधलं तेव्हा सासऱ्यांच्या खोलीतल्या खिडकीला मी भांडून आतून उघडणारी ग्रिल लावून घेतली. आग लागून दार अडलं, तर माणूस खिडकीतून निघाला पाहिजे. "चोराला वाट करून दिलीस," सासरे म्हणाले. मी बधले नाही.

एप्रिलमध्ये माहेरून परतले, तर त्याच खिडकीत कूलर! बाहेर लोखंडी स्टँड, फटींत थर्माकोल कोंबलेला.

"घरात ग्रिल उघडते ती हीच एक खिडकी. कूलर दुसरीकडे बसेल कसा?" सासऱ्यांनी मलाच विचारलं.

मी प्लग काढला, पाणी सोडलं आणि भर उन्हात कूलर एकटीने खाली उतरवला.

"आता मला रात्रभर उकडेल, त्याचं काय?"

"उकडलं तर याच खिडकीतून बाहेर या, नाना, आणि अंगणात झोपा."